नेपाळचा ट्रेक: ग्रुप, तंबू की आपापलं?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंही पन्नाशीत, सह्याद्रीत नेहमी फिरतो, हरिश्चंद्रगड, राजगड, कळसूबाई सगळं झालंय. ऑक्टोबरमध्ये अन्नपूर्णा बेस कॅम्प करायचा विचार आहे. इथल्या एका मोठ्या ग्रुपबरोबर जावं, आपला पोर्टर-गाईड घेऊन जावं की तंबू घेऊन? घरचे म्हणतात ग्रुपच सेफ. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: तंबूचा विचार सोडून द्या. जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९६४ मध्ये काठमांडूत ट्रेकिंग कंपनी काढली तेव्हा वाटेत लॉज नव्हते, म्हणून तंबू, स्वयंपाकी, हमालांची रांग असा सगळा लवाजमा लागायचा. आता या वाटेवर काही तासांच्या अंतराने टीहाऊस, म्हणजे साधे लॉज, आहेत. प्लायवूडच्या भिंती, दोन कॉट, जाड रजई, बस एवढीच खोली. भाडं कमी असतं पण जिथे राहाल तिथेच जेवायचं हा तिथला रिवाज आहे. डालभात मागवा, भात-डाळ परत वाढतात, आणि रात्रीची ऑर्डर संध्याकाळीच द्या म्हणजे स्वयंपाकघराला सोपं जातं. वर जाल तसे भाव चढतात कारण सिलिंडरपासून तांदळापर्यंत बरंच काही कुणाच्या तरी पाठीवरून आलेलं असतं.

आता ग्रुप की आपापलं. माझं मत स्पष्ट आहे, तुम्ही दोघंच जा आणि एक पोर्टर-गाईड घ्या. कारण पैसे नाही, कारण उंची. कळसूबाई १,६४६ मीटर, बेस कॅम्प ४,१३० मीटर, आणि सह्याद्रीत कमावलेला दम तिथे विरळ हवेपासून वाचवत नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये असं डॉक्टर सांगतात. वाटेतला देउरालीचा मुक्काम साधारण ३,२०० मीटरवर आहे, तिथून बऱ्याच ग्रुपच्या कार्यक्रमात एका दिवसात थेट बेस कॅम्प असतो, म्हणजे ९०० मीटरची उडी. तुम्ही मात्र मच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला, ३,७०० मीटरवर, एक रात्र काढा, दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत वर जा. ग्रुपमध्ये वीस जणांची परतीची तिकिटं एकाच तारखेची असतात, तुमचं डोकं दुखतंय, जेवण जात नाहीये, तरी आपल्यामुळे सगळे अडकतील म्हणून माणूस बोलत नाही आणि चालत राहतो, मला या गोष्टीची खरंच काळजी वाटते. दोघंच असाल तर गाईडला म्हणायचं, आज इथेच राहू, झालं. त्यासाठी पोखऱ्याहून परतीच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवाच.

डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा चालताना तोल जायला लागला तर वाट बघू नका, रात्र असली तरी खाली उतरा.

गाईड तर घ्यायचाच आहे, नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरना तसा नियमच केलाय. एजन्सीशी बोलताना त्याचा विमा, गरम कपडे, बूट आणि राहण्याखाण्याचा खर्च कोण करणार हे विचारा. दोघांचं मिळून सामान वीस किलोच्या आत बसवा. वाटेतल्या छोमरोंग गावाच्या पुढे दगडी पायऱ्यांनी पार नदीपर्यंत उतरून परत सिनुवाला चढायचं असतं, तिथे त्याच्या पाठीकडे बघितलं की आपण काय काय उगाच भरलंय ते कळतं. व्हिसा लागत नाही पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं, आधारवर विसंबू नका.

प्रश्न: मला अप्पर डोल्पोला जायचंय, तिथेही टीहाऊसवर भागेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही, तिथे तंबूच. पश्चिम नेपाळमधल्या या दुर्गम भागात गावं लांब लांब आहेत, मधल्या खिंडी ५,००० मीटरच्या वर आहेत, आणि खाणंपिणं, इंधन सगळं खेचरांवरून सोबत न्यावं लागतं. शिवाय हा प्रतिबंधित भाग आहे, नोंदणीकृत एजन्सीशिवाय परमिट मिळत नाही. खर्च बराच जास्त येतो, म्हणून तीन-चार जुने सोबती जमवा, ज्यांच्याबरोबर आधी तंबूत राहिलायत असे. आणि टीहाऊसवाला एखादा ट्रेक आधी करून बघा, उंचीवर आपलं शरीर कसं वागतं ते डोल्पोत पहिल्यांदा कळायला नको, कारण तिथून रस्त्याला लागायला काही दिवस चालावं लागतं.