बाबा यात नाहीत

ताई,
डिसेंबरात माझं लग्न आहे, मुहूर्त दुपारी १२ वाजून २२ मिनिटांचा. आईला सांगलीतलंच जुनं मंगल कार्यालय हवंय. सगळ्यांना जवळ पडतं, आचारी ओळखीचा आहे. मला मिरज रस्त्यावरचं एक लॉन आवडलंय. फोटोसाठी पुण्याची चार जणांची टीम ठरत आलीय. ड्रोन, मेणवलीच्या घाटावर प्री-वेडिंग, सगळं मिळून पावणेतीन लाख. त्यांना कार्यालयाचे तीन फोटो पाठवले, तर ते म्हणाले, “मॅडम, इथे लाइटच नाही, लॉन घ्या.” आई म्हणते, फोटोवाल्याच्या सोयीनं लग्न करायचं का? होणारा नवरा म्हणतो, तुझ्या मनासारखं कर. बाबा यात नाहीत. त्यांचा फोटो स्टुडिओ होता, २७ वर्षं त्याच कार्यालयातली लग्नं काढायचे, पण २०१६ साली बंद केला. ते सगळं आता जुनं झालं. रविवारपर्यंत ॲडव्हान्स द्यायचाय. आईला कसं समजावू?
– वैतागलेली, सांगली

अगं वैतागलेल्या मुली,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचताना मीही तुझ्याबरोबर कार्यालय ते लॉन अशा खेपा घालत होते. दुसऱ्यांदा वाचताना “बाबा यात नाहीत” पाशी अडखळले, आणि पुढचं वाक्य वाचून कपाळाला हात लावला.

ज्या कार्यालयावरून तुमच्या घरात भांडी आपटतायत, तिथे ज्या माणसानं २७ वर्षं लग्नं काढली तो माणूस तुमच्याच सोप्यात बसलाय. आणि तू मला पत्र लिहून विचारतेस, आईला कसं समजावू!

पुण्याच्या मुलांनी काय बघितलं? मोबाइलवर तीन फोटो. तू ते किती वाजता काढलेस? ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी गेली असशील, तर ट्यूबलाइट सोडून तिथे दुसरं काय दिसणार? तुझा मुहूर्त भर दुपारचा आहे, आणि महिना डिसेंबर. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, खिडकीतून फारसा आत येत नाही. डिसेंबरात तोच दक्षिणेकडे कललेला असतो, आणि त्या अंगाला खिडक्या असतील तर ऊन पार आतपर्यंत येतं. त्या कार्यालयाला त्या बाजूला खिडक्या आहेत की भिंत, मधला खांब कुणाच्या तोंडावर सावली टाकतो, स्टेजमागचा लाल पडदा चेहरे तांबडे करतो का, हे गूगल मॅपवर लिहिलेलं नसतं. तुझ्या बाबांना ते झोपेतही सांगता येईल.

लॉनचंही सांगते, कारण तेवढं मलाही कळतं. लॉन खुलतं संध्याकाळी, गोरज मुहूर्ताला. दुपारी बाराला उघड्यावर नाकाखाली सावल्या पडतात, मुंडावळ्यांच्या रेघा गालांवर उमटतात आणि पहिल्या रांगेतले सगळे काका डोळे बारीक करून अक्षता टाकतात. वर कापड लावलं तर त्याचा रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो. टीम चांगली असेल तर यातूनही वाट काढेल, नाही असं नाही. पण त्यांनी तुला मुहूर्ताची वेळ विचारली का? पत्रात तरी तसं काही नाही.

आता ते “जुनं झालं”. या दोन शब्दांवर मी खरंच चिडले. जुना झाला तो रोल, ती निगेटिव्ह, तो करिझ्मा अल्बम. एका रोलमध्ये ३६ फोटो. “शुभमंगल सावधान” कितव्यांदा चाललंय याकडे कान ठेवून किती शिल्लक राखायचे, याचा हिशेब तो माणूस डोक्यात करायचा. माझ्या लग्नात आमच्या फोटोग्राफरचा हा हिशेब चुकला. अंतरपाट खाली आला तेव्हा ते खाली मान घालून रोल बदलत होते. माझ्या अल्बममध्ये अंतरपाट धरलेला एक फोटो आहे आणि त्यानंतर एकदम हार घातलेले आम्ही. मधला क्षण नाही. आता अंतरपाट खाली येताना २०० फोटो निघतात, आणि तरीही मधे कुणाचातरी मामा उभा असतो. मामा नेमका कुठून येतो, हे कॅमेरा नवा घेतल्यानं कळत नाही.

बाबांचंही कौतुक करणार नाही मी. स्वतःच्या मुलीचं लग्न, स्वतःचं क्षेत्र, आणि हा गृहस्थ गप्प! मानी माणसांची ही खोड मला चांगली ठाऊक आहे. आपण होऊन बोलायचं नाही, आणि कुणी विचारलं नाही म्हणून मनातल्या मनात झुरायचं. पण ते चुकले म्हणून तुझं चुकायचं थांबत नाही. पावणेतीन लाखांची बोलणी तू त्यांच्यासमोरच केली असणार, फोनवर “कँडिड”, “सिनेमॅटिक” म्हणत. एकदा तरी फोन त्यांच्या हातात द्यायचास.

तुझी आई त्या कार्यालयासाठी एवढी अडून बसलीय ती केवळ आचाऱ्यासाठी, यावर माझा विश्वास नाही. पण तिला विचारायला जाऊ नकोस, ती नाहीच म्हणेल.

तर आता आईला समजावणं सोड. या शनिवारी सुट्टी असेल, नसेल तर टाक. सव्वाअकराला बाबांना गाडीवर मागे बसव आणि त्या कार्यालयात घेऊन जा. फक्त तुम्ही दोघं. सव्वाबारा वाजले की हॉलच्या मध्यभागी उभी राहा आणि एवढंच विचार, “बाबा, माझा अंतरपाट खाली येताना तुम्ही कुठे उभे राहिला असता?” मग तोंड बंद. ते आधी “छे, आता काय त्याचं” म्हणतील. तरी गप्प राहा. पाचव्या मिनिटाला ते खिडकीकडे बघतील.

तिथेच ठरव. ते म्हणाले कार्यालय, तर कार्यालय. म्हणाले की इथे काही खरं नाही, लॉनच बरं, तर लॉन, आणि आईला ते स्वतः सांगतील. सत्तावीस वर्षं त्या हॉलमध्ये घालवलेल्या माणसापुढे तुझी आई वाद घालणार नाही.

पुण्याची टीम ठेवायची का, हेही त्यांच्यावर सोड. स्पीकर लावून फोन त्यांच्यापुढे ठेव. त्या दिवशी प्रत्यक्ष कोण येणार, एका दुपारच्या लग्नाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो दाखवता का (तीन मिनिटांची फिल्म नको), अल्बम कधी मिळणार आणि ते लिहून देणार का, हे ते विचारतील. तू विचारलं असतंस तर त्यांनी तुला ड्रोनचं सांगितलं असतं. ॲडव्हान्स रविवारऐवजी सोमवारी गेला म्हणून काही बिघडत नाही. तारीख जाईल म्हणून घाई करत असतील तर जाऊ दे ती तारीख.

फक्त एक करू नकोस. भरात येऊन “मग बाबा, तुम्हीच काढा ना फोटो” म्हणू नकोस. कन्यादानाला आई पाण्याची धार धरेल तेव्हा ते तुझ्याशेजारी हवेत. तुमच्या कपाटातले जुने अल्बम काढ आणि त्यांत बाबा किती फोटोंत आहेत ते मोज, म्हणजे मी का सांगतेय ते कळेल.

प्री-वेडिंगचं मला विचारू नकोस. घाट सुंदर आहे, हौस असेल तर जा.

कार्यालयाच्या मॅनेजरला आधी फोन करून ठेव. शनिवारी तिथे दुसऱ्या कुणाचं लग्न असेल तर फारच छान, मागच्या भिंतीला टेकून उभे राहा. जेवायला मात्र थांबू नका. आणि निघताना बाबांना चष्मा घ्यायला सांग, लांबचा.