शिधा किती दिवसांचा?

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीची माझी फी तिने टेबलावर मोजून ठेवली आणि स्वतःशीच पुटपुटली, "चोवीस दिवस."

मी विचारलं, कसले? ती ओशाळली. तिच्या संस्थेच्या आवाहनपत्रकावर एक ओळ आहे : दीड हजार रुपये म्हणजे एका मुलाचा महिन्याचा शिधा. ती ओळ तिनेच लिहिलेली. माझी फी बाराशे. पन्नास रुपये रोज धरले तर चोवीस दिवसांचं जेवण ती माझ्या टेबलावर ठेवून चालली होती.

ही जानेवारी 2023 मधली गोष्ट. तिच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. सामाजिक संस्थांत काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडून मला एकच प्रश्न येतो : "काम चांगलं आहे, माणसंही चांगली आहेत, मग मला त्रास का होतो? आणि तक्रार करायचा मला हक्क तरी आहे का?" तिचाही तोच होता.

तिची संस्था बीडकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. दिवाळीच्या आगेमागे आईवडील कारखान्याला निघतात. मुलं त्यांच्यामागे फडात गेली की शाळा सुटते, म्हणून त्यांना गावीच ठेवून घ्यायचं. ही मात्र पुण्यातल्या ऑफिसात. देणगीदारांचे फोन, पावत्या, आभारपत्रं, एक्सेल. निधी मागायला कार्यवाह जातात, मुलांना सांभाळायला तिथले कार्यकर्ते असतात. "मी मधली," ती म्हणाली. "नुसत्या पावत्या फाडणारी."

इथे माझं चुकलं. मला वाटलं, आपल्या कामाचं फळ डोळ्यांनी दिसत नाही म्हणून ही खचली आहे. एकदा वसतिगृहावर जाऊन ये, मी सुचवलं. फेब्रुवारीत ती गेली. मुलांनी गाणी म्हटली, स्वयंपाकाच्या मावशींनी पाहुणी म्हणून तिच्या ताटात दोन अंडी वाढली. मुलांच्या ताटात एकेक. परत आल्यावर ती अर्धा तास त्या दुसऱ्या अंड्याबद्दलच बोलत होती.

मग मार्चअखेर आली आणि ती दिसेनाशी झाली. करसवलतीसाठी 31 मार्चपर्यंत देणगी द्यायची म्हणून लोक शेवटच्या आठवड्यात जागे होतात. रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर प्राप्तिकर कायद्याच्या 80जी कलमाची सवलत नाही, हे सांगितलं की काही जण तिलाच झापत. जणू कायदा तिनेच केला!

मेमध्ये आली तेव्हा डोळ्यांखाली काळं. वर्षभराच्या देणग्यांचं विवरणपत्र, त्यांच्या भाषेत टेनबीडी, 31 मेच्या आत भरायचं होतं. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क. ("चार दिवस," तिने लगेच सांगितलं.) देणगीदाराच्या पॅनमध्ये एक अक्षर चुकलं तर त्याची सवलत अडकते. फोनवर पॅन घेताना ती "मुंबईचा एम की नाशिकचा एन?" असं विचारून घेते, तरी रात्री दोनला उठून लॅपटॉप उघडून तपासत बसते. चूक झाल्यास सुधारित विवरणपत्र भरता येतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी झोप नव्हती. त्यासाठी मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं, ते वेगळं.

त्या भेटीनंतर तिला एकच काम दिलं. आठवडाभर, मनात जेव्हा जेव्हा शिध्याचा हिशोब होईल तेव्हा वहीत लिहायचं. 23 नोंदी झाल्या. चप्पल, बारा दिवस. आईची साखर तपासणी, तीन दिवस. दुसऱ्यांसाठी लिहिलेलं आवाहन ती रात्रंदिवस स्वतःलाच करत होती.

सगळ्यांत मोठी नोंद पगाराची होती. आकडा लिहून पुढे दिवस मांडले नव्हते, नुसती रेघ. देणगीदार हमखास विचारतात, "आमच्यातले किती पगारात जातात?" तेव्हा तिचा आवाज खाली जायचा. प्रश्न तिच्याबद्दलच होता ना! मी विचारलं, मावशींचा पगार कशात धरता? "कार्यक्रम खर्चात." आणि तुझा? "प्रशासनात." मावशी नसल्या तर शिधा शिजणार नाही, तू नसलीस तर... ती मधेच हसली. "मॅडम, हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

खरंच होतं. युक्तिवादाने कुणाचं अपराधीपण गेलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. मी तो नाद सोडला आणि साधं विचारलं, रात्री फोन कोणाचे येतात?

तेव्हा कळलं, पावतीपुस्तकावर हिचा स्वतःचा मोबाइल नंबर छापलेला होता. तीन वर्षं. एक आजोबा पत्नीच्या स्मृतिदिनाला अकराशे रुपये देतात आणि उरलेलं वर्षभर रात्री नऊनंतर फोन करतात. चाळीस-चाळीस मिनिटं. ते ती कुणाला सांगत नव्हती, कारण ते तिला काम वाटतच नव्हतं. आजोबांचा राग मला आला नाही. राग आला तो "समाजसेवाच आहे की" म्हणत खासगी नंबर छापून मोकळं होण्याच्या आपल्याकडच्या रीतीचा. असल्या गोष्टी माणसाच्या मनात दुरुस्त करत बसू नये, ऑफिसात कराव्यात.

ऑफिसचं वेगळं सिमकार्ड मागायला तिला तीन आठवडे लागले. रिचार्ज तीनशेचा, म्हणजे सहा दिवस. शेवटी मागितलं तेव्हा कार्यवाह म्हणाले, "अहो, एवढंच ना? आधी बोलायचं." हे ऐकून ती माझ्यासमोर बराच वेळ रडली.

नवा फोन सहाला ऑफिसच्या कपाटात जातो. आजोबांना तिने वेळ ठरवून दिली, बुधवारी चार. पहिल्या बुधवारी ते रुसले, दुसऱ्या बुधवारी चारला पाच कमी असतानाच त्यांचा फोन आला. हिशोब थांबलेला नाही. चहाच्या टपरीवर अजून होतो, असं ती म्हणते. पगाराचा प्रश्न आला की मात्र आता सांगते, "हो, जातात. मीही पगारावरच आहे." एका बाईंनी त्यावर विचारलं, "किती देतात गं तुला?" तिने आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, "इतकाच?"

जुनी पावतीपुस्तकं चाळीस शिल्लक होती. टाकवेनात. मग तिने नव्या नंबरचा रबरी शिक्का करून आणला आणि एका शनिवारी बसून प्रत्येक पावतीवर जुन्या नंबरावर मारला. शाईचं बोट दाखवत मला म्हणाली, "शिक्का एकशे वीसचा."

दिवस तिने सांगितले नाहीत. मीही विचारले नाहीत.