नीटचे मार्क कमी वाटतायत? आधी ओएमआर बघ
अगं रडू नकोस, आधी ईमेलवर आलेली ओएमआरची, म्हणजे गोळे भरलेल्या उत्तरपत्रिकेची इमेज उघड. निकाल लागल्यावर फेरतपासणी नसते, त्यामुळे जे करायचं ते आत्ताच, चॅलेंजची, म्हणजे हरकत नोंदवायची मुदत संपायच्या आत. मी कॉलेज रोडला सायबरमध्ये बसून इमेज झूम करून १८० च्या १८० प्रश्न रेकॉर्डेड रिस्पॉन्सशी (मशीनने वाचलेल्या उत्तरांशी) एकेक ताडून बघितले, तेव्हा कळलं की एक गोळा मी काळाकुट्ट भरलेला असूनही तिथे कोरा दाखवतायत. चॅलेंज करायला प्रश्नाला २०० रुपये, परत मिळत नाहीत, पण चार मार्कांनी रँक केवढी हलते! गोळा खरंच अर्धवट राहिला असेल तर मात्र पैसे घालू नकोस. आणि आन्सर की, म्हणजे अधिकृत उत्तरांची यादीच चुकीची वाटत असेल तर क्लासच्या नोट्स नको, एनसीईआरटीचं पान काढून ठेव. पैसे भरल्याची पावती जपून ठेव बाई.