चुलीवरची बिअर कारखान्यात कशी गेली?

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. मध्ययुगात इंग्लंडमध्ये बिअर बायका घरीच करायच्या आणि विकायच्याही, असं वाचनात आलं. मग हा धंदा त्यांच्या हातून गेला कसा? यंत्रं आली म्हणून का? आणि यीस्ट म्हणजे काय हेच ठाऊक नसताना त्या बिअर करत तरी कशा होत्या?

उत्तर : बाई, मी सव्वीस वर्षं बिअरच्या कारखान्यात यीस्टच्या प्रयोगशाळेत काढली. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझा जीव आहे, तिथूनच सुरुवात करते.

बार्ली भिजवून मोड आणायचे आणि मोड फुटले की ती भट्टीवर वाळवायची. हा झाला माल्ट. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरं पिठाची साखर करतात, पण त्यासाठी भरडलेला माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवावा लागतो. पाणी फार कढत असेल तर विकरं मरतात, नुसतं कोमट असेल तर काम रेंगाळतं. थर्मामीटर नसताना हे कसं साधायचं? उकळतं पाणी पिंपात ओतून ठेवायचं आणि वाफ विरत जाऊन पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की माल्ट घालायचा. मी हे थर्मामीटर बुडवून करून पाहिलं आहे. चेहरा दिसला तेव्हा पारा ७५च्या आसपास होता, माल्ट घातल्यावर थेट ६५वर उतरला. त्या दिवशी मला त्या बायकांबद्दल जो आदर वाटला तो आजतागायत कमी झालेला नाही.

साखरेची दारू करणारा सूक्ष्म जीव म्हणजे यीस्ट, त्याचंही तेच. आंबायला लागलेल्या बिअरवर जाड फेस चढतो, तो काढून ठेवायचा आणि पुढच्या घाण्याला विरजण म्हणून लावायचा. नॉर्वेच्या खेड्यांत यासाठी लाकडाची कडी असायची. छोटे छोटे तुकडे एकमेकांत अडकवून केलेली ती कडी यीस्टमध्ये बुडवायची, वाळवायची आणि टांगून ठेवायची. पुढच्या वेळी तीच नव्या पिंपात सोडायची. त्या खाचांमध्ये यीस्ट महिनोन्‌महिने जिवंत राहायचं. नाव माहीत नव्हतं, पण यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं जात होतं.

आता धंद्याचं. तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडच्या गावांतून जी ‘एल’, म्हणजे हॉप्स न घातलेली बिअर, व्हायची ती माल्ट, पाणी आणि यीस्ट यांचीच. ती आठवडाभरही धड टिकायची नाही, लगेच आंबट व्हायची. त्यामुळे कुणी एकानं भरपूर करून गावोगाव पाठवणं शक्यच नव्हतं. आज या घरी, चार दिवसांनी त्या घरी, असं चालायचं. जिच्याकडे ताजी तयार झाली ती दारावर काठी लावायची, मग गावाचा परीक्षक येऊन चाखायचा, भाव ठरलेला असायचा. घरची गरज भागवून उरलेलं विकायचं, म्हणजे बाईच्या हातात चार पैसे.

हे मोडलं ते हॉप्सनं. तुमचा ‘यंत्रांमुळे का’ हा अंदाज बहुतेकांचा असतो, पण वाफेचं इंजिन लंडनच्या व्हिटब्रेडच्या कारखान्यात बसलं १७८५ साली. तोवर बायका या धंद्यातून जवळजवळ बाहेर पडल्या होत्या.

हॉप्स ही एका वेलीची शंकूसारखी, खवल्याखवल्यांची फुलं. एक फूल चुरगाळलं की पिवळी चिकट पूड बोटांना लागते आणि वास दिवसभर जात नाही. त्या पुडीत कडू आम्लं असतात. ती तासभर उकळली की द्रवात उतरतात आणि बिअर आंबट करणाऱ्या जंतूंना वाढू देत नाहीत. हॉप्समुळे पेय नासत नाही हे जर्मनीत हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या जोगिणीनं बाराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. हॉप्सची बिअर महिनोन्‌महिने टिकते म्हटल्यावर हॅम्बुर्ग, ब्रेमेनसारखी शहरं ती जहाजांतून परगावी धाडू लागली आणि १४००च्या सुमाराला ती इंग्लंडातही उतरली.

एकदा माल टिकतो म्हटलं की सगळा हिशेबच बदलतो. मोठं तांब्याचं भांडं हवं, तासन्‌तास उकळायला सरपण हवं, पिंपं हवीत, आणि माल विकून पैसे हाती येईपर्यंत दम धरायला भांडवल हवं. लग्न झालेल्या बाईला तिथल्या कायद्यानं स्वतःच्या नावावर करार करता येत नव्हता, मग कर्ज कोण देणार? फौजेला आणि आरमाराला पिंपंच्या पिंपं पुरवण्याची कंत्राटं घेणार कोण? नवऱ्याचा कारखाना चालवणाऱ्या काही विधवा टिकल्या. बाकीच्यांच्या दारावरच्या काठ्या एकेक करून उतरल्या. त्यांचं कसब कमी पडलं नव्हतं, हे वर्गात मुलांना आवर्जून सांगा.

आणि एक दुरुस्ती. घर आधी, कारखाना फार नंतर, असा सरळ क्रम लावू नका. इजिप्तमध्ये अबायडोस इथे ५००० वर्षांपूर्वीचा बिअरचा कारखाना सापडला आहे. उत्खनन करणाऱ्यांच्या अंदाजानं तिथे एका वेळी २२,४०० लिटर बिअर व्हायची, ती राजाच्या धार्मिक विधींसाठी. राजाला हवी असेल तेव्हा टिकण्याचा प्रश्न येत नाही, तिथल्या तिथे संपते.

प्रश्न : जर्मनीच्या १५१६च्या प्रसिद्ध शुद्धतेच्या कायद्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच आहे. यीस्ट का नाही? (सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी)

उत्तर : कायदा बव्हेरियाचा, अख्ख्या जर्मनीचा नव्हे. यीस्ट तेव्हाच्या कारागिरांना दिसत होतं, ते पुढच्या घाण्याला लावतही होते, पण ते सजीव आहे ही कल्पना नव्हती. शिवाय यीस्ट जितकं टाकावं त्याच्या तीन-चार पट होऊन परत मिळतं. जे दर वेळी वाढूनच हाती येतं, ते घातलेल्या जिनसांत कोण धरणार?

त्यात कधीकधी भलतेच पाहुणे शिरायचे. १५५३ साली बव्हेरियानं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायला बंदीच केली, कारण उन्हाळ्यात ती बिघडायची. थंडीतच काम होऊ लागल्यावर गारठ्यात तग धरणारं, तळाशी बसणारं लेगरचं, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरचं, यीस्ट आपसूक निवडलं गेलं.

बिघाडाचं कारण मात्र फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरनं १८७६च्या ग्रंथात जंतूंवर बोट ठेवेपर्यंत उलगडलं नाही. पुढे कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेननं दाखवलं की काही वेळा दोष जंतूंचा नसून रानटी यीस्टचा असतो. १८८३ साली त्यानं एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट कारखान्याला दिलं.

मी रोज सकाळी यीस्टच्या थेंबात मेथिलीन ब्लू घालून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंग टिकू देत नाहीत. शंभरात पाचांहून जास्त निळ्या दिसल्या की ते यीस्ट बाद. तरीही एकदा एका टाकीतल्या बिअरला लोण्यासारखा वास येऊ लागला. यीस्ट निर्दोष होतं. चौथ्या दिवशी नमुना काढायच्या व्हॉल्व्हचं रबरी वॉशर उघडलं, तर मागे बुळबुळीत थर, त्यात चार-चारच्या चौकडीत बसलेले गोल जंतू. पेडिओकॉकस. हॉप्सला न जुमानणाऱ्या थोड्या जंतूंपैकी हा एक. टाकी ओतून द्यावी लागली आणि मी त्या दिवशी जेवले नाही.

हान्सेनचं यीस्ट कार्ल्सबर्गचा मालक याकोबसेन यानं स्वतःपुरतं ठेवलं नाही. दुसऱ्या कारखान्यांनी मागितलं, त्यांना ते मोफत दिलं.