बालवाडीत गुंतवणूकदाराचा पैसा: वाचकांचे प्रश्न

बालशिक्षणासाठी गुंतवणूकदारांकडून पैसा उभा करण्याबद्दल लिहिलं की तोच गोंधळ पत्रांतून परत येतो: ही देणगी की धंदा? म्हणून एकदाच सविस्तर.

प्रश्न: सोशल इम्पॅक्ट बाँड म्हणजे रोखाच ना? दरवर्षी व्याज मिळतं का?

नाही. नावात बाँड असला तरी हा करार आहे. गुंतवणूकदार आधी पैसे घालतो, संस्था बालवाडी चालवते, आणि ठरलेला निकाल लागला तर सरकार किंवा एखादा निधी मुद्दल व वर थोडं देतो. निकाल लागला नाही तर बहुतेक करारांत मुद्दलही जातं. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या तुरुंगात हा प्रकार पहिल्यांदा झाला. बालवाड्यांकडे तो नंतर वळला.

प्रश्न: सल्लागार म्हणतात, बालशिक्षणात ७ ते १० टक्के परतावा मिळतो, नोबेलविजेत्यानेच सिद्ध केलंय.

आकडा खरा, वापर खोटा. जेम्स हेकमन यांनी तो पेरी बालवाडीवरून काढला. मिशिगनमधल्या इप्सिलांटीत १९६२ ते १९६७ या काळात १२३ मुलांवर तो प्रयोग झाला. ५८ मुलं बालवाडीत, बाकीची तुलनेसाठी. पुढे चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला. हा परतावा समाजाचा आहे: गुन्हे कमी, कमाई जास्त, कर जास्त, तोही काही दशकांत विखुरलेला. तुमच्या खात्यात तो जमा होत नाही. सल्लागाराला एवढंच विचारा, 'देणार कोण, आणि कुठल्या कलमानुसार?'

प्रश्न: निकाल म्हणून काय मोजावं? 'विशेष शिक्षणाची गरज टळलेली मुलं' मोजणं सोपं, असं सुचवलंय.

सोपं कुणाला? विशेष शिक्षण म्हणजे शिकायला अडचण येणाऱ्या मुलांना शाळेत मिळणारी वेगळी मदत. इथे जरा थांबतो, कारण सगळं इथेच बिघडतं.

अमेरिकेतल्या युटा राज्यात २०१३ मध्ये गोल्डमन सॅक्स ही गुंतवणूक बँक आणि उद्योजक जे. बी. प्रिट्झकर यांनी अशाच योजनेत ७० लाख डॉलरपर्यंत घालायची तयारी दाखवली. मुलांची शब्दसंग्रहाची चाचणी झाली. परीक्षक एक शब्द उच्चारतो, समोर चार चित्रं, मुलाने योग्य चित्रावर बोट ठेवायचं. फार कमी गुण पडले की 'याला पुढे विशेष शिक्षण लागेल' असं गृहीत. अशी ११० मुलं निघाली. २०१५ मध्ये जाहीर झालं की त्यांतल्या एकालाच ते लागलं, आणि गुंतवणूकदारांना अडीच लाखांहून जास्त डॉलर मिळाले.

टाळ्या वाजल्या, मग तज्ज्ञांनी विचारलं: बालवाडी नसती तर ११० जणांना ते लागलंच असतं कशावरून? तुलनेचा गट नव्हता. चाचणी इंग्रजीतून. घरी दुसरी भाषा बोलणारं चिमुकलं अनोळखी माणसासमोर चुकीच्या चित्रावर बोट ठेवतं, तेव्हा त्याला इंग्रजी शब्द येत नाही एवढंच कळतं. बुद्धीबद्दल काही कळत नाही.

माझी खरी काळजी त्याहून पुढची आहे. 'टळलेल्या' प्रत्येक मुलामागे पैसे मिळणार असतील, तर ज्याला खरोखर मदत हवी त्याचं नाव पुढे न जाणं कुणाच्या तरी फायद्याचं होतं. कुणी मुद्दाम अडवायलाही नको. 'अजून सहा महिने बघू' पुरतं. म्हणून तुलनेचा गट ठेवा, चाचणी घरच्या भाषेत घ्या, एकाच आकड्यावर पैसे बांधू नका, आणि विशेष शिक्षणासाठी नाव सुचवणाऱ्याचा कराराशी संबंध नको. मसुदा सहीआधी स्वतंत्र मूल्यमापकाला दाखवाच. 'स्वतंत्र' म्हणजे गुंतवणूकदाराने आणलेला नव्हे.

प्रश्न: वर्ग सुरू झालेत. पहिली मोजणी सवडीने केली तर चालेल?

चालणार नाही. तीन महिने शिकलेल्या मुलाची सुरुवात आता कशी मोजणार? ही तुकडी सोडा आणि पुढच्या तुकडीसाठी मूल्यमापकाला आजच फोन करा.

प्रश्न: आमची संस्था लहान, ४० मुलं. जमेल का?

नाही. वकील आणि मूल्यमापन यांतच पैसे संपतील, अनुदान शोधा.

प्रश्न: मिळालेल्या रकमेवर कर लागतो?

कर सल्लागाराला विचारा, मला नको.

प्रश्न: 'मुलांचं भलं, तुम्हाला हमखास परतावा' असं पत्रक आलंय. घालू का पैसे?

पैसे निकालावर अवलंबून असतील तर हमखास कसले? आणि हमी असेल तर ती देतंय कोण, हे पत्रकात शोधा. वकिलाने वाचेपर्यंत सही नको, 'जागा राखण्यासाठी' मागितलेली आगाऊ रक्कमही नको.