‘तिचा देवावरचा विश्वासच उडालाय, मी काय बोलू?’

जवळच्या माणसावर काही चूक नसताना संकट कोसळलं की त्याच्याशी काय बोलायचं, हा प्रश्न घेऊन बरेचजण येतात. साताऱ्याकडच्या एक ताई अशाच आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांच्या मैत्रिणीच्या लहान मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला. उपचार परळला, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. दोघी एकाच भजनी मंडळातल्या. आता मैत्रीण फोन उचलत नव्हती. ‘देवाचं नाव काढू नको’ असंही एकदा म्हणाली होती.

मी ताईंना त्यांनी पाठवलेले मेसेज वाचायला सांगितले. ‘पत्रिका दाखवून घे.’ ‘त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून या.’ ‘देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा बघतो.’ तिसरा वाचताना त्यांचा आवाज बसला.

सगळं मायेपोटीच लिहिलेलं. पण कारण सापडलं की सांगणाऱ्याला हायसं वाटतं: दोष त्यांच्या घरात होता, म्हणजे आपलं घर सुरक्षित. आईला मात्र एवढंच ऐकू येतं की लेकराचं दुखणं माझ्यामुळे. लहान मुलांच्या ल्युकेमियाचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. गरोदरपणी पाळलेल्या-न पाळलेल्या ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. उपचार चालतात साधारण दोन ते तीन वर्षं, आणि मैत्रीची खरी गरज या लांब पल्ल्यात लागते.

‘पण तिची श्रद्धा?’ ताईंनी विचारलं. मी तुकोबांची आठवण दिली. १६३०च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं. दुष्काळानं पीडा केली ते बरंच झालं, असं ते पुढे देवाला म्हणाले, हे खरं. पण ते त्यांचं त्यांनी म्हटलं. शेजाऱ्यानं येऊन सांगितलं असतं तर तो क्रूरपणा झाला असता. आणि विठ्ठलाशी भांडणं तर आपल्या संतांनीच शिकवलंय. मैत्रीण देवावर चिडली आहे, म्हणजे अजून त्याच्याशी तिचं बोलणं चालू आहे.

ताईंनी तिथंच बसून नवा मेसेज लिहिला: ‘हे का झालं मला माहीत नाही. गुरुवारी भाकरी घेऊन येते. बोलायचं नसेल तर बोलू नको.’ ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य आम्ही मुद्दाम गाळलं, कारण काय मागावं हेही त्या अवस्थेत सुचत नाही. मैत्रिणीच्या थोरल्या मुलीचा शाळेचा डबा ताईंनी न विचारता अंगावर घेतला, प्लेटलेट देणाऱ्यांची यादी मंडळातल्या तरुण मुलांनी केली.

गुरुवारी मैत्रीण देवाला नाही नाही ते बोलली. ‘मला ऐकवत नव्हतं, पण गप्प बसले,’ असं ताईंनी कळवलं. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या.

एका गोष्टीवर मात्र मी लक्ष ठेवायला सांगितलंय. जेवण-झोप आठवडेच्या आठवडे तुटली किंवा ‘जगून काय करू’ असे शब्द आले, तर मैत्रीवर भागवायचं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तुम्हीच लावून द्या.