‘पण त्यानं हात कुठे लावलाय?’

सिडनीच्या पश्चिमेला पॅरामॅटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या मुली माझ्याकडे समुपदेशनाला येतात, खुर्चीच्या अगदी कडेला बसतात आणि म्हणतात, ‘मॅडम, तसं काही झालेलं नाहीये, पण...’ या ‘पण’नंतर जे येतं ते इतक्या जणींकडून ऐकलंय की एकदा सविस्तर लिहावं असं ठरवलं. सायलीची परवानगी घेऊन तिची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

सायली सांगलीची, २९ वर्षांची, आयटीत नोकरी. इथल्याच एका मराठी मुलाबरोबर वर्षभर राहिली. मग तिनं नातं संपवलं, घरही बदललं. त्याला पाच महिने झाले होते.

‘अजून मेसेज करतो. स्टेशनवर दिसतो. पण तो राहतोच जवळ, त्यामुळे दिसणारच.’

‘भीती वाटते?’

‘वाटते. पण उगाच असेल.’

इथे मी चुकले. मी विवेकनिष्ठ पद्धतीत घडलेली. प्रसंगापेक्षा त्याविषयी आपण मनाशी जे बोलतो ते जास्त छळतं, हे वीस वर्षं लोकांना समजावतेय. सवयीनं विचारून गेले, ‘या भीतीला पुरावा काय?’

तिनं मान खाली घातली. ‘तेच तर. पुरावा काहीच नाही. सॉरी, तुमचा वेळ घेतला.’ आणि पर्स उचलली.

तिला कसंबसं थांबवलं. हाच प्रश्न आई तिला सांगलीहून फोनवर विचारत होती, घरातली मैत्रीण विचारत होती, रात्री जागी असताना ती स्वतःलाच विचारत होती. त्या रांगेत आता मीही जाऊन उभी राहिले होते. म्हटलं, ‘प्रश्न मागे घेते. एक वही कर. दुधाचा हिशेब लिहितो तशी. तारीख, वेळ, जागा, काय झालं. का झालं असेल ते लिहायचं नाही.’

तीन आठवड्यांनी ती वही घेऊन आली. म्हटलं, मोठ्यानं वाच.

‘मंगळवार, सकाळी ७.४०. माझ्याच डब्यात चढला. काही बोलला नाही. शुक्रवार, रात्री ११. बिल्डिंगसमोर त्याची गाडी, दिवे बंद. वर आला नाही. रविवार. नव्या नंबरांवरून १७ मेसेज. शिव्या नव्हत्या. शनिवार, कार पार्क. गाडीचं दार धरून ठेवलं, हात उगारला, म्हणाला, एकदा नीट बोल, नाहीतर बघ. मारलं नाही.’

मी ऐकत होते आणि काहीतरी खटकत होतं. दुसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा कळलं. ‘सायली, हिशेबाच्या वहीत न आलेलं दूध कोणी लिहितं का?’

तिला समजलं नाही.

‘प्रत्येक ओळीच्या शेवटी बघ. बोलला नाही. वर आला नाही. मारलं नाही. जे घडलंच नाही ते का लिहिलंस?’

ती वहीकडे बघत राहिली. बराच वेळ. मी बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं असं मी आता म्हणू शकते. मग तिनं माझ्या टेबलावरचं पेन घेतलं आणि ‘नाही’वाली एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. शेवटच्या ‘मारलं नाही’पाशी हात थांबला. तेही खोडलं. म्हणाली, ‘मी त्याच्या खात्यावर जमा मांडत होते, ताई.’

मॅडमची ताई झाले ती तिथे.

मलाही त्या दिवशी काहीतरी मिळालं. मी तिच्या भीतीत अविवेक शोधत बसले होते, आणि भीती तर पूर्ण विवेकी होती. अविवेक होता तो ‘तसं काही झालेलं नाही’ या वाक्यात. शिकलेलं शास्त्र खोटं नव्हतं, मी ते चुकीच्या वाक्याला लावत होते.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण एवढं प्रत्येकीला सांगते. सिडनी ज्या राज्यात येतं त्या न्यू साउथ वेल्समध्ये पाठलाग करणं आणि धमकावणं हा घरगुती व वैयक्तिक हिंसाचाराविषयीच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम १३ खाली गुन्हा आहे, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. मागे मागे जाणं, घर, ऑफिस किंवा आपण नेहमी जातो त्या जागेभोवती घुटमळणं, फोन किंवा इंटरनेटवरून सतत गाठणं, माग ठेवणं, हे सगळं पाठलागातच येतं. ती घाबरलीच हे सिद्ध करावं लागत नाही. घाबरवण्याचा हेतू लागतो, आणि अशा वागण्यानं समोरचा माणूस बहुधा घाबरेल हे ठाऊक असणं म्हणजेच हेतू. शेजारच्या व्हिक्टोरियात पाठलागाला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणि शीर्षकातल्या ‘हात कुठे लावलाय?’ या प्रश्नाचं उत्तर असं, की इथल्या कायद्यात हल्ल्यासाठी हात लागावाच लागतो असं नाही. आता मार बसणार अशी भीती समोरच्याच्या मनात जाणूनबुजून निर्माण करणं हाही हल्लाच. कार पार्कमधला तो उगारलेला हात सायलीनं जमेला धरला होता.

तिसऱ्या भेटीत तिनं मला अडवलं. ‘ताई, ॲडलेडच्या त्या मुलीनं तर तक्रार केली होती ना?’

हे प्रकरण आपल्या मुलींना माहीत असतं. २१ वर्षांची नर्सिंगची विद्यार्थिनी. पाठलाग करतो म्हणून पोलिसांकडे गेली होती. मार्च २०२१ मध्ये त्याच मुलानं तिला पळवून नेऊन जीवे मारलं. त्यानं गुन्हा कबूल केला, २०२३ मध्ये जन्मठेप झाली; २२ वर्षं १० महिने पॅरोल मागता येणार नाही.

‘हो,’ म्हटलं, ‘केली होती.’ यावर गोड उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मी ते बनवलंही नाही. ‘म्हणूनच नुसत्या तक्रारीवर आपण थांबायचं नाही.’ तो तास आम्ही साध्या गोष्टींत घालवला. ऑफिसात मॅनेजरला आणि रिसेप्शनला सांगायचं. गाडीत किंवा बॅगेत माग काढणारं यंत्र आहे का ते तपासून घ्यायचं. फोनचे पासवर्ड बदलायचे, पण त्याचे मेसेज पुसायचे नाहीत. समोर धोका दिसला तर विचार न करता ०००, म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर.

तरी खरी गाठ वेगळीच होती, ती नेहमी शेवटी निघते. ‘पोलिसात गेले तर त्याचं आयुष्य बरबाद होईल. त्याच्या आईनं मला गौरीला साडी दिली होती.’

इथे मी मुलींना रागावत नाही. ही कणव खरी असते. फक्त माहिती अपुरी असते. संरक्षणाचा आदेश, ज्याला इथे एव्हीओ म्हणतात, म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे. त्यात फक्त अटी असतात: मारायचं नाही, धमकवायचं नाही, पाठलाग करायचा नाही, गरजेप्रमाणे संपर्कबंदी आणि अंतराची अट. तो कोर्टात आरोप मान्य न करताही आदेश मान्य करू शकतो. जाणूनबुजून अट मोडली तर मात्र गुन्हा. म्हणजे पुढचं सगळं त्याच्या हातात राहतं. सायलीला म्हटलं, ‘बरबाद व्हायचं की नाही हे त्याला ठरवू दे. ते काम तू पाच महिने फुकट करते आहेस.’ (हे वाक्य मला अजून आवडतं.)

ती वही घेऊन पोलीस ठाण्यात गेली. अर्ज पोलिसांनीच तिच्या वतीनं केला. लोकल कोर्टात त्यानं आरोप नाकारले, आदेश मान्य केला, दोन वर्षांसाठी. आईचं सांगलीहून अजूनही म्हणणं आहे की नंबर बदलून भागलं असतं. असो.

बोलायचं असेल तर १८०० ७३७ ७३२ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर दिवसरात्र माणूस असतो. इंग्रजीचा धीर होत नसेल तर दुभाषा मागा, त्यात कमीपणा नाही.

चार महिन्यांनी दुपारी सायलीचा फोन आला. तिचा वाढदिवस होता.

‘ताई, त्याचा मेसेज आलाय. नव्या नंबरवरून. फक्त हॅपी बर्थडे म्हटलंय, बाकी काही...’

ती थांबली. मीही.

‘वही काढते,’ म्हणाली, आणि फोन ठेवला. संध्याकाळी निरोप आला: पोलिसांना सांगून आले, नोंदीचा इव्हेंट नंबर मिळाला. आता केक कापतोय.